मोरे आडनावाचं ‘फॅमिली क्रेस्ट’ मागवलं आणि आले तीन काळे कोंबडे

आधी रेटिंग सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचत बसायला नको. ५ पैकी दीड. एक स्टार वेळेत आलं म्हणून, अर्धा पॅकिंगला. बाकीच्याला उणे स्टार द्यावे लागतील आणि तसं ऑप्शन नाहीये.

तर झालं असं, बाबांची पंच्याहत्तरी होती, मी इकडे लंडनजवळ स्लावला, ते साताऱ्याला, आणि दरवेळी शर्टपीस नाहीतर ड्रायफ्रूट पाठवून मलाच कंटाळा आला होता. इथे टुरिस्ट जागी, मॉलमध्ये, ऑनलाइन, जिथे बघाल तिथे ते ‘तुमच्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स’ (ढालीवर काढलेलं मानचिन्ह) विकणारे असतात ना, कॉफीचे मग, कीचेन, पाट्या वगैरे, त्यातल्याच एका ऑनलाइन दुकानातून मी भिंतीवर लावायचा लाकडी प्लाक मागवला. दुकानाचं नाव देत नाही, असली ढिगाने आहेत आणि सगळ्यांचा माल एकाच साच्यातून काढल्यासारखा दिसतो. आपलं आडनाव टाइप करायचं की लगेच स्क्रीनवर ढाल येते. मी एम ओ आर ई टाकलं (माहेरचं आडनाव मोरे), छोट्याशा फोटोत तीन पक्षी दिसले आणि मी इतकी खूश झाले की झूम करून बघितलंच नाही, मोरे म्हटल्यावर पक्षी मोरच असणार ना, आणखी कोण! ६५ पौंड प्लाकचे, १५ ‘नावाचा इतिहास’ असलेल्या सर्टिफिकेटचे, ९ शिपिंग. बॉक्स इतका छान पॅक होता की तो तसाच न उघडता एका ओळखीच्यांच्या बॅगेत टाकून साताऱ्याला पाठवला. ही चूक माझी, मान्य.

वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर बाबांनी बॉक्स उघडला, चष्मा लावला, पाटी लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, “हे कोंबडे कुणाचे गं?”

मागून आई, “अगं आपलं देवक मोराचं पीस, आणि तू कोंबड्या पाठवल्यास होय!”

पांढऱ्या ढालीवर मधे काळ्या रंगाची करवतीसारखी कातरलेली, घराच्या छपरासारखी पट्टी, आणि तिच्या वर दोन आणि खाली एक असे तीन काळे पक्षी, डोक्यावर लाल तुरे. आता कोंबडे नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

वस्तूबद्दल पटकन सांगते कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. ‘लाकडी’ म्हणजे एमडीएफ, त्यावर अक्रोडाच्या रंगाचा कागद, ढाल कोरलेली नाही, रंगवलेली नाही, प्रिंट चिकटवलंय आणि खालचा एक कोपरा महिन्यात सुटला (साताऱ्याच्या पावसाचा दोष म्हणाल तर जून अजून लागला नव्हता). मागची हुकाची पट्टी चांगली आहे, हे प्रामाणिकपणे सांगते.

खरी गंमत त्या १५ पौंडांच्या सर्टिफिकेटात. त्यात रंगांचे आणि चिन्हांचे ‘अर्थ’ दिलेत. पांढरा म्हणजे चांदी, म्हणजे शांती आणि प्रामाणिकपणा. काळा म्हणजे निष्ठा, किंवा दुःख. मधली ती छपरासारखी पट्टी, तिला शेव्हरॉन म्हणतात, ती म्हणजे संरक्षण. एकंदरीत मोरे घराणं शांत, निष्ठावान, दुःखी आणि सगळ्यांचं रक्षण करणारं आहे असं निघालं. दर महिन्याला पेपरात येणारं राशिभविष्य वाचल्यासारखं, कुणालाही लावा, बसतंच. माझ्या काकांना ओळखणाऱ्यांनी ‘शांत’ या शब्दावर हसून घ्या.

मग मी चिडून शोधायला बसले. आणि इथून पुढचा रिव्ह्यू प्लाकचा कमी आणि या सगळ्या विषयाचाच जास्त आहे, आधीच सांगते.

पहिलं म्हणजे हे चिन्ह आमचं नाहीच. सर थॉमस मोर, आठव्या हेन्रीचा लॉर्ड चॅन्सलर, राजाला चर्चचा प्रमुख मानायला तयार झाला नाही म्हणून १५३५ मध्ये ज्याचं डोकं उडवलं, त्याच्या ढालीवरचे हे पक्षी. मूरकॉक म्हणतात त्यांना, इंग्लंडच्या माळरानात राहणारा कोंबड्यासारखा रानपक्षी. आता हे पक्षी तिथे का? शांती, निष्ठा, दुःख यासाठी नाही हो. मोर, मूर, मूरकॉक. नावावरचा पीजे आहे तो, सरळ सरळ! हेराल्ड्रीत, म्हणजे या ढाल-चिन्हांच्या शास्त्रात, ही जुनी आणि अगदी मानाची पद्धत आहे, नावाचा उच्चार चित्रात दाखवायचा. शेक्सपिअरच्या वडलांना १५९६ मध्ये कोट ऑफ आर्म्स मिळालं त्यावर काय आहे, तर तिरका भाला, स्पिअर. आत्ताच्या राजाची आजी बोज-लायन घराण्यातली, तर त्यांच्या ढालीवर धनुष्यं, म्हणजे बो, आणि सिंह, म्हणजे लायन. संपलं. हे लोक पाचशे वर्षं नावावर कोट्या करतायत आणि आम्ही त्यात गूढ अर्थ शोधतोय.

म्हणजे बघा, एका इंग्रज मोरला त्याच्या नावासारखा ऐकू येणारा पक्षी, आणि साताऱ्याच्या मोऱ्यांच्या देवकात त्यांच्या नावातलाच पक्षी. दोघांचं डोकं एकाच दिशेने चाललेलं. कंप्यूटरने फक्त स्पेलिंग बघितलं आणि एकाचा पक्षी दुसऱ्याच्या भिंतीवर टांगला. त्या दुकानदाराला जावळीचे मोरे माहीत असायची माझी अपेक्षा नाही, पण ग्राहकाचा पत्ता, नाव, सगळं समोर असताना एकदा तरी विचारा की बाई, तुम्ही नक्की या मोरांपैकी का.

दुसरं, आणि हे मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं, इंग्लंडात आडनावाचं कोट ऑफ आर्म्स असं काही नसतंच. एकाच आडनावाच्या दहा जणांची दहा वेगळी असू शकतात आणि बाकीच्या हजारो जणांचं एकही नसतं. ते एका माणसाला दिलेलं असतं, आणि मग त्याच्या थेट वंशजांकडे जातं. आपण मराठीत त्याला ‘कुलचिन्ह’ म्हणतो ना, तिथेच गडबड होते. आपल्या डोक्यात देवक असतं. देवक अख्ख्या कुळाचं, कुणाचं कदंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं तलवारीचं पातं, ते लग्नात पूजायचं, एकच देवक असलं तर सोयरीक करायची नाही, आणि त्यात माझं-तुझं काही नाही, चुलत-चुलत भावापर्यंत सगळ्यांचं तेच. इंग्रजांची ढाल देवकापेक्षा आपल्या शिक्क्याच्या जास्त जवळची आहे. शिवाजी महाराजांची मुद्रा वेगळी, शंभूराजांची वेगळी, बाप-लेक असूनही. ती त्या माणसाची ओळख, तिने कागदावर शिक्कामोर्तब व्हायचं. आता ‘भोसले आडनावाची राजमुद्रा, ६५ पौंड फक्त’ अशी कुणी जाहिरात केली तर कसं वाटेल, तसंच आहे हे.

तिथे बाप-लेकांची ढाल दिसायला एकच असली तरी फरकाची खूण घालतात. थोरल्या मुलाच्या ढालीवर वर एक तीन पायांची पट्टी, दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला चांदणी, चौथ्याला मार्टलेट नावाचा एक बिनपायाचा पक्षी. हा मला फार आवडला. पाय नाहीत म्हणजे टेकायला जमीन नाही, चौथ्या मुलाच्या वाट्याला शेत येतंय कुठे, उडत राहायचं आणि स्वतःचं पोट स्वतः भरायचं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. हे नंतर कुणी रचलेलं असेलही, पण आमच्याकडे सातबाऱ्यावर नावं कशी वाढत जातात ते पाहिलेल्या कुणालाही हा पक्षी लगेच पटेल.

मग एका शुक्रवारी सुट्टी होती तर मी लंडनला, जिथून ही कोट ऑफ आर्म्स अधिकृतपणे देतात त्या कॉलेज ऑफ आर्म्समध्येच जाऊन आले. सेंट पॉल कॅथेड्रलच्या पायऱ्यांकडून मिलेनियम ब्रिजकडे चालत निघालात की क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर लाल विटांची इमारत लागते, मोठं काळं-सोनेरी गेट. मी आधी दहा वेळा तरी तिथून गेले असेन, कधी मान वळवून बघितलं नव्हतं. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने याला सनद दिली, जुनी इमारत १६६६ च्या आगीत जळाली म्हणून ही त्यानंतरची. आत लाकडी पॅनेलची एक खोली, मधे सिंहासनासारखी खुर्ची, ते अर्ल मार्शलचं, म्हणजे या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या दरबारी अधिकाऱ्याचं, कोर्ट. आठवड्याच्या कामाच्या दिवशी बघायला मिळतं आणि पैसे घेत नाहीत. म्युझियम समजून जाऊ नका, दहा मिनिटांत बघून होतं, ऑफिस आहे ते. चालू ऑफिस. तेरा अधिकारी आणि त्यांच्या पदांची नावं ऐकाल तर वाटेल नाटकातली पात्रं आहेत: गार्टर किंग ऑफ आर्म्स, क्लॅरेन्सो, रूज ड्रॅगन, ब्लूमँटल, पोर्टकलिस. राजाकडून गार्टरला अधिकृत पगार वर्षाला ४९ पौंड आणि ७ पेन्स. वर्षाला! माझ्या प्लाकपेक्षा कमी. बाकीचं उत्पन्न ते लोकांची कामं करून, वंशावळी शोधून आणि नवीन कोट ऑफ आर्म्स देऊन कमावतात. रोज एक जण ‘ऑफिसर इन वेटिंग’ असतो, येणाऱ्यांच्या शंकांना तोच उत्तर देतो, आणि दारातून कुणी कुठल्याही कपड्यांत आलं तरी नीट बोलतात, हे आवर्जून सांगते. या भागाला माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा कापला कारण बसायला जागा नाही.

स्वतःचं घ्यायचं असेल तर रीतसर अर्ज, फी हजारो पौंडांत, एखादी बरी सेकंडहँड गाडी येईल एवढी, आणि मुळात राजाचे प्रजाजन असायला हवं. माझा पासपोर्ट भारतीयच आहे, त्यामुळे विषय तिथेच संपला. (कॅनडातल्या मराठी मंडळींसाठी: तुमच्याकडे १९८८ पासून स्वतंत्र हेराल्डिक अथॉरिटी आहे, नागरिक असाल तर अर्ज करता येतो.)

पण तिथून आल्यावर चिन्हांच्या अर्थाबद्दल माझं डोकं साफ झालं. सिंह म्हणजे शौर्य, निळा म्हणजे सत्य, असा छापील कोश कुणीतरी नंतर बनवलाय आणि गिफ्टवाले तोच चिकटवतात. खरा अर्थ असतो तो घेणाऱ्याने का घेतला यात. केट मिडलटनच्या लग्नाआधी २०११ मध्ये तिच्या घरच्यांना ढाल मिळाली, त्यावर ओकची तीन फळं. का तीन, तर भावंडं तीन. का ओक, तर त्यांच्या घराच्या भागात ओकची झाडं भरपूर. मधली पट्टी सोन्याची, कारण आईचं माहेरचं आडनाव गोल्डस्मिथ. बघा, परत आडनाव! बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीच्या ढालीवर, म्हणजे तिच्या वरच्या तुऱ्यावर, लिव्हरपूल शहराचा चिन्हपक्षी लिव्हर बर्ड आहे आणि पंजात गिटार. यात कोश उघडायची गरज कुणाला पडते?

आणि आपलं मुंबईचं उदाहरण तर या सगळ्यांवर कडी आहे. सर जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाने जेजे हॉस्पिटल आणि जेजे स्कूल ऑफ आर्ट, त्यांना १८५७ मध्ये बॅरोनेट केलं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा ‘सर’ किताब दिला, हा मान मिळालेले पहिले भारतीय. त्यांच्या ढालीवर निळ्या आकाशात घाटाच्या डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाश्या. वरच्या तुऱ्यावर गव्हात उभा मोर, चोचीत गव्हाची ओंबी. ब्रीदवाक्य, उद्योग आणि दानत. आता मुंबईत राहणाऱ्याला सूर्य डोंगरामागून उगवतो, सह्याद्री पूर्वेला आहे म्हणून. हेच रत्नागिरीच्या माणसाला पटेल, पण साताऱ्याच्या माणसाला त्याच घाटांमागे सूर्य बुडताना दिसतो. एका ढालीत माणूस कुठे उभा राहून बघतोय तेसुद्धा सांगितलंय! मधमाशी म्हणजे उद्योग हे तर ब्रीदवाक्यच सांगतं. आणि मोर बघून मला काय झालं असेल ते सांगायला नको, जमशेटजींच्या डोक्यावर मोर आणि मोऱ्यांच्या घरात कोंबडे.

ब्रीदवाक्यावरून आठवलं, बडोद्याच्या गायकवाडांचं ‘जीन घर, जीन तख्त’, घोड्याचं खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. चार शब्दांत अख्खी मराठ्यांची घोडदौड. आमच्या प्लाकच्या रिबनवर काय होतं? ‘मोरे’. रिबनवर फक्त आडनाव, तेही इंग्रजीत. ब्रीदवाक्याचे २० पौंड एक्स्ट्रा होते.

इंग्रजांनी आपल्या संस्थानिकांना हे प्रकरण मोठ्या थाटात दिलं होतं, १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनने राजांना कोट ऑफ आर्म्स असलेली निशाणं वाटली, रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या एका आयसीएस साहेबाने ती काढलेली. गोव्यात तर त्याहून जुनं आहे, जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलात तर छताकडे बघायच्या आधी खाली बघा, अख्खी फरशी पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांच्या दगडांची आहे आणि त्यावर ढाली कोरल्यात. आपण चपला काढून त्यांच्या मानावरून चालत जातो. मी शाळेच्या ट्रिपला तिथे लंगडी घातली होती, देव माफ करो.

परत प्लाककडे येते, कारण एक चूक राहिली आणि ती सगळ्यात भारी आहे. ‘फॅमिली क्रेस्ट’ हा शब्दच चुकीचा आहे. क्रेस्ट म्हणजे फक्त शिरस्त्राणावरचा तुरा, ढाल नाही. आणि शिरस्त्राणाचेही नियम असतात, साध्या माणसाचं पोलादी, तोंड बंद आणि बाजूला वळलेलं. सोन्याचं, समोर तोंड असलेलं, जाळीचं शिरस्त्राण फक्त राजाचं आणि राजघराण्याचं. आमच्या प्लाकवर कुठलं? सोन्याचं, समोर बघणारं, जाळीचं! ६५ पौंडांत बाबांचा राज्याभिषेकच करून टाकला त्यांनी. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा मात्र बाबा पहिल्यांदा खूश झाले, म्हणाले मग राहू दे, ठेव.

दुकानाला मी मेल केला होता. उत्तर आलं की हे डिझाइन ‘मोरे नावाशी निगडित ऐतिहासिक डिझाइन’ आहे आणि पर्सनलाइज्ड वस्तू परत घेत नाही. पर्सनलाइज्ड म्हणे! मला ३० टक्के सूट देऊन सासरच्या आडनावाचंही करून घ्या असं सुचवलं. नवऱ्याचं आडनाव टाकून बघितलं तर तिथे ढाल नव्हती, तर साइटने सगळ्यात जवळचं स्पेलिंग असलेलं एक आयरिश आडनाव दाखवलं. नवरा म्हणाला घेऊ या का, हिरवा रंग छान आहे.

तसं लग्न झालेल्या बाईची सोय हेराल्ड्रीत आहे बरं का, एकाच ढालीचे उभे दोन भाग करून नवऱ्याचं उजवीकडे आणि बायकोच्या माहेरचं डावीकडे दाखवतात. (उजवं-डावं बघणाऱ्याचं नाही, ढाल धरणाऱ्याचं, त्यामुळे कागदावर उलटं दिसतं, मी दोनदा चुकले.) बिनलग्नाच्या बायकांना ढाल नाही, शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, कारण बायका लढाईवर जात नाहीत म्हणे. ताराबाईंच्या जिल्ह्यातल्या मुलीला हे सांगायचं म्हणजे!

शेवटी मी आणि लेकीने मिळून जेवणाच्या टेबलवर आमचं आम्हीच काढलं. भारतात कुणी स्वतःचं चिन्ह केलं तर अडवायला कुठलं कॉलेज नाही, फक्त अशोकस्तंभाचे सिंह वापरायचे नाहीत, त्यावर २००५ चा कायदा आहे. मी हिरव्यावर निळा मोर काढला तर नियमात बसेना. हेराल्ड्रीत सोनं-चांदी हे धातू आणि बाकी लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग, रंगावर रंग आणि धातूवर धातू ठेवायचा नाही, लांबून युद्धात ओळखू यायला पाहिजे म्हणून. मग सोनेरी मैदानावर निळं मोरपीस, खाली कृष्णा नदीच्या पांढऱ्या-निळ्या लाटा, वर घाट आणि त्यामागे बुडणारा सूर्य. लेक म्हणाली सूर्य अर्धा काढ म्हणजे उगवतोय की बुडतोय कळणार नाही. मी म्हटलं आपण साताऱ्याचे, बुडतोयच. ती स्लावची, तिला पटलं नाही. तिने वर बाणाने ‘उगवतोय’ लिहून ठेवलंय.

तो कागद स्कॅन करून बाबांना पाठवला. त्यांनी प्रिंट काढली नाही. प्लाकवरचा सुटलेला कोपरा फेव्हिकॉलने चिकटवला, सोन्याच्या शिरस्त्राणामागे देवघरातलं एक मोराचं पीस खोचलं आणि पाटी दाराच्या आत, बुटांच्या रॅकवर लावली. येणारे जाणारे विचारतात कोंबडे कसले, ते सांगतात इंग्लंडचे.